रेघेवरची गावं : अस्वान ते कैरो

शनिवार, अस्वान

इजिप्तला जाणारे बहुतेक जण कैरोला उतरतात आणि पहिल्याच सकाळी पिरॅमिडसमोर उभे राहतात. आम्ही कैरोच्या विमानतळावरून पुढचं विमान पकडून थेट अस्वान गाठलं आणि तिथून नदीच्या ओघाबरोबर उत्तरेला यायचं ठरवलं. पिरॅमिड हा या देशाच्या गोष्टीचा बराच पुढचा भाग. मला पाहायचा होता त्याआधीचा. राजे नव्हते, लिपी नव्हती, तेव्हा माणसं या खोऱ्यात नेमकी कुठे बसली, आणि तिथेच का बसली? सोबत माझा मोठा भाऊ होता. करमाळ्याकडे उजनीच्या फुगवट्याला लागून दादाची शेती आहे. देवळं आणि थडगी पाहायला माझी मी पुरेशी होते. माती पाहायला तो हवा होता.

अस्वानात वर्षभरात जेमतेम एखादा मिलिमीटर पाऊस पडतो. काही वर्षं तेवढाही नाही. तरीही भर उन्हाळ्यात, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, इथली नदी फुगायची. कारण पाऊस पडायचा दूर दक्षिणेला, इथियोपियाच्या डोंगरांवर, तोही जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याच पावसाळ्याच्या महिन्यांत. ताना सरोवरातून निघणारी निळी नाईल ते पाणी आणि डोंगराची झिजलेली माती घेऊन खार्टूमला पांढऱ्या नाईलला मिळते. सप्टेंबरच्या सुरुवातीला अस्वानला पूर शिगेला पोचायचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाणी उतरायचं आणि मागे ताजा गाळ राहायचा. प्राचीन इजिप्तच्या वर्षाचे तीनच ऋतू होते : पुराचा अखेत, उगवणीचा पेरेत, सुगीचा शेमू. आम्ही गेलो जानेवारीत, म्हणजे पेरेतमध्ये.

सकाळी स्थानिकांच्या होडीतून एलिफंटाइन बेटावर गेलो. इथे नाईल ग्रॅनाइटच्या असंख्य गोलाकार खडकांत फुटून वाहते. याला पहिला प्रपात म्हणतात, पण पाणी उंचावरून कोसळत नाही, खडकांच्या फटींतून पळतं. मोठ्या नावेला इथून वर जाणं अवघड. उलट इथून खाली भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर नदीत असा एकही अडथळा नाही. देशाची दक्षिण सीमा निसर्गानेच आखून दिली होती, आणि त्या सीमेवर हे बेट.

बेटाच्या दक्षिण टोकाला जर्मन पुरातत्त्व संस्था १९६९पासून खोदकाम करते आहे. त्यांना जे सापडलं ते पाहून मी बराच वेळ तिथेच थांबले. पाच हजार वर्षांपूर्वी हे एक बेट नव्हतं. मधला सखल भाग पुराच्या दिवसांत पाण्याखाली जायचा आणि दोन बेटं व्हायची. पहिली वस्ती त्यातल्या पूर्वेकडच्या, उंच खडकांच्या बेटावर झाली. पुढे पुराची पातळी काहीशी उतरली, मधली खळगी भरत गेली आणि गाव तिच्यावर पसरलं. गावाचा नकाशा पुराच्या रेषेने काढला होता, असं म्हणायला हरकत नाही. सातेत देवीचं अगदी पहिलं देऊळ तर दोन-तीन प्रचंड खडकांच्या मधल्या सांदीत होतं. खडकांच्या भिंती आयत्या होत्या, माणसांनी फक्त मातीच्या विटांनी पुढची बाजू बंद केली. आज नंतरच्या काळातलं देऊळ वर उभं करून दाखवलं आहे आणि त्याच्या खाली ती सांदी जपून ठेवली आहे. बहुतेक लोक वरचे खांब पाहून निघून जातात. खाली उतरून ती सांदी बघायला हवी.

तिथून नदीत उतरणारा नव्वद पायऱ्यांचा जिना म्हणजे नाईलमापक. भिंतीवर हातांच्या मापाच्या खुणा आहेत. मोजमाप करण्यामागे केवढी धास्ती होती ते रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे : पाणी बारा हात चढलं तर दुष्काळ, तेरा हातांना उपासमार, चौदाला आनंद, पंधराला निश्चिंती, सोळाला परमानंद. हा हात सुमारे ५२ सेंटिमीटरचा. बारा आणि सोळा यांतला फरक जेमतेम दोन मीटरचा, आणि अख्ख्या देशाचं पोट त्या दोन मीटरांत. त्याच्याही वर पाणी गेलं तर घरं, बांध आणि साठवलेलं धान्य वाहून जायचं.

रविवार, अस्वान

आज नूबिया संग्रहालय. याच्या बागेत दगडांचं एक छोटं वर्तुळ आहे. आपल्या गुडघ्यापर्यंतही न पोचणारे दगड, पण मला या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. हे दगड आणले आहेत नाब्ता प्लायाहून. अबू सिंबेलच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, आज जिथे काहीही नाही, अशा वाळवंटातून.

दहा हजार वर्षांपूर्वी तिथे उन्हाळी पाऊस पडत होता. फार नाही, पण सखल जागी पाणी साचून तळं व्हायचं, भोवती गवत उगवायचं. लोक गुरं घेऊन यायचे. त्यांच्या झोपड्या, चुली, खोल खणलेल्या विहिरी सापडल्या आहेत. चुलींपाशी ज्वारीच्या रानटी वाणाचे जळालेले दाणे निघाले, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे. लोक ते पेरत नव्हते, गोळा करत होते. ज्वारी आफ्रिकेतलीच, आपल्या दख्खनमध्ये ती त्यानंतर हजारो वर्षांनी आली. दादा त्या माहितीफलकापाशी बराच रेंगाळला. तिथेच एका दगडांच्या ढिगाखाली मातीने लिंपलेल्या खोलीत पुरलेली अख्खी गाय सापडली. जिच्यावर जगणं अवलंबून, तिला माणसासारखं पुरलं.

मग पाऊस हळूहळू दक्षिणेकडे सरकला. एका वर्षात नाही, कित्येक शतकं. तळी वर्षातून कमी दिवस भरायला लागली, विहिरी खोल कराव्या लागल्या. इ.स.पू. ३५००च्या सुमारास नाब्ता प्लाया कायमचं ओस पडलं. माणसं गेली कुठे? जिथे पाणी होतं तिथे : काही दक्षिणेला, काही मरूद्यानांत, आणि पुष्कळशी नाईलच्या काठाला.

हेरोडोटसने या देशाला नदीची देणगी म्हटलं, ते आपण शाळेपासून घोकतो. पण नदी तर हजारो वर्षं तिथेच होती. अस्वानच्या थोडं उत्तरेला वाडी कुब्बानिया या कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचे मुक्काम सापडले आहेत. लोक पुरानंतर डबक्यांत अडकलेले मांगूर जातीचे मासे पकडायचे, पाणवनस्पतींचे कंद दगडावर वाटून खायचे आणि निघून जायचे. नदीकाठ ही तेव्हा वर्षातल्या काही महिन्यांची सोय होती. तिथे कायमचं राहायला माणसाला भाग पाडलं ते वाळवंटाने. मागचं दार बंद झालं तेव्हा माणसं नदीशी बांधली गेली. या गोष्टीत वाळवंटाचा वाटा नदीइतकाच मोठा आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो.

दुपारी उंच धरणावर जाऊन आलो. १९७०मध्ये पुरं झालेलं, १११ मीटर उंच. मागे पाचशे किलोमीटर लांब सरोवर. नूबियन लोकांची गावं त्याखाली गेली आणि हजारो कुटुंबं उत्तरेला कोम ओम्बोकडे हलवली गेली. या धरणानंतर इजिप्तमध्ये नाईलचा दरवर्षीचा पूर आलेला नाही. गाळ सरोवरातच बसतो आणि शेतकरी रासायनिक खत विकत घेतात.

सोमवार, एल काब

अस्वान ते लक्झर लोक बोटीने जातात. आम्ही गाडी केली, कारण नेहमीच्या पर्यटक बोटी एल काबला थांबत नाहीत.

कोम ओम्बोपर्यंत उसाचे फड. ऊसतोड चालू होती, अरुंद रुळांवरून उसाने भरलेले छोटे डबे चालले होते. कोम ओम्बोच्या उत्तरेला कुर्ता गावाजवळच्या कड्यांवर रानबैलांची कोरीव चित्रं आहेत, किमान पंधरा हजार वर्षांपूर्वीची. पुढे गेबेल सिलसिलाला दोन्हीकडचे वालुकाश्माचे डोंगर नदीला जवळजवळ चिमटीत धरतात. तिथे शेतीला जागाच नाही, म्हणून तिथे गाव नाही, खाणी आहेत. डोंगर मागे हटले की लगेच हिरवं, डोंगर पुढे आले की ओसाड. दिवसभर हेच पाहत होतो.

एके ठिकाणी चहाला थांबलो, तेव्हा दादा रस्ता ओलांडून शेतात उतरला. गहू पोटरीत येत होता, शेजारी बरसीमचा चारा. त्याने मूठभर माती उचलून ओली केली, बोटांत चोळली. “पाणी धरून ठेवणारी आहे. पूर उतरल्यावर पेरलं की झालं, पुन्हा पाण्याचं नाव नाही. अगं, हे आपलं गाळपेर!” उजनीचं पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळात त्याच्याकडे लोक असंच पेरतात. बी टाकायचं, ओल खाली उतरत जाते, मुळं तिच्या मागे जातात. फरक एवढाच की इथे सगळा देशच गाळपेर होता.

आणि हे पीक इथलं नव्हतंच. गहू, जव, मेंढ्या, शेळ्या सगळं पश्चिम आशियातून, आजच्या पॅलेस्टाइन-सीरियाकडून आलं. तिकडे ही पिकं हिवाळी पावसावर यायची. नाईलचं पाणी उतरतं नेमकं हिवाळ्याच्या तोंडावर. ज्वारीसारखं उन्हाळी पावसाचं धान्य पुराच्या वेळापत्रकात बसत नव्हतं, कारण तेव्हा शेत पाण्याखाली असायचं. गहू-जव बसले. परक्या बियाण्याचा आणि या नदीचा ऋतू जुळला, आणि त्या जुळण्यावर पुढची तीन हजार वर्षं उभी राहिली.

आता गावं कुठे? नकाशात वाटतं, अर्थात नदीकाठी. पण नदीकाठ सरळ नसतो. पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग मोडतो आणि जड, जाडसर गाळ तिथेच काठावर बसतो. बारीक माती पुढे जाते. वर्षानुवर्षं असं झालं की काठ उंच होतो आणि त्याच्यामागचं शेत डोंगराच्या बाजूला उतरतं. म्हणजे पूर आला की पाणी मागच्या सखल भागात एक-दीड मीटर साचतं, उंच काठ मात्र बेटासारखा वर राहतो. नदीने पात्र बदललं तर जुने काठही उंचवटे म्हणून शेतांत उरतात. घर बांधायला जागा दोनच : हे उंचवटे, नाहीतर पलीकडची वाळवंटाची कड, जिथे पाणी पोचतच नाही. उंचवट्यांवरची जुनी गावं नंतरच्या गाळाखाली खोल गाडली गेली. म्हणून आज आपल्याला सापडतात ती बहुतेक वाळवंटाच्या कडेची.

एल काब तसंच. पूर्व काठावर मातीच्या विटांची प्रचंड तटबंदी, भिंत सुमारे १२ मीटर जाड. ती नंतरच्या काळातली. पण तिच्या आतच बेल्जियन संशोधकांना सुमारे इ.स.पू. ७०००चे मुक्काम सापडले. मासेमारी आणि शिकार करणारे लोक पूर ओसरला की इथे यायचे, पुन्हा पूर आला की वाडी हिलालमधून वाळवंटात जायचे, कारण तेव्हा वाळवंटात चरायला हरणं होती. आम्ही त्या वाडीत तासभर चाललो. वाडी म्हणजे कोरडा ओढा. त्याच्या तळाशी अजून बाभळीची झुडपं आहेत, खाली कुठेतरी ओल असणार.

भिंतीवर चढलं की पश्चिमेला नदीपलीकडचा पट्टा दिसतो. तिथे नेखेन, ग्रीकांचं हिराकोनपोलिस. पर्यटकांसाठी ते खुलं नाही, खास परवानगी लागते, म्हणून इथूनच पाहिलं. इ.स.पू. ३६००च्या आसपास ही खोऱ्यातली बहुधा सर्वांत मोठी वस्ती होती, वाळवंटाच्या कडेने अडीच-तीन किलोमीटर पसरलेली आणि वाडी अबू सुफियानमध्ये आत शिरलेली. तेव्हा त्या वाडीत अधूनमधून पाणी यायचं, झाडं होती. लोकांनी कुंभारभट्ट्या लावल्या, बिअर गाळायचे मोठे रांजण बसवले, हत्ती, पाणघोडे, बबून माकडं पाळून पुरली. एका कुंभाराचं घर भट्टीच्या आगीत जळालं आणि म्हणूनच टिकलं : अर्धवट जमिनीत, लाकडाच्या मेढी, मातीने लिंपलेल्या भिंती. त्या भट्ट्यांनी झाडं खाल्ली, पाऊस आणखी मागे हटला, आणि काही शतकांत लोक वाडी सोडून खाली पुराच्या मैदानात नदीजवळ दाटीने राहायला आले. नाब्ता प्लायाला जे घडलं तेच इथे काही किलोमीटरांच्या अंतरात घडलं.

१८९८मध्ये याच नेखेनच्या देवळाच्या जागी इजिप्तच्या पहिल्या राजांपैकी नार्मरचा पाषाणफलक आणि विंचू राजाची गदा सापडली. गदेवर राजा हातात कुदळ घेऊन चारी उघडतो आहे, समोर माणूस टोपली धरून माती भरून घ्यायला वाकलेला. राजाने स्वतःला शिकार करताना, मारताना पुष्कळदा दाखवलं. इथे तो पाणी सोडतो आहे. मला हे चित्र जास्त बोलकं वाटतं.

मंगळवार, लक्झर

कर्नाक आणि राजांच्या दरीबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. मी दोनच गोष्टी सांगते. कर्नाकच्या आवारात खोलवर छिद्रं घेऊन गाळाचे थर तपासले तेव्हा दिसलं की हे भलंमोठं देऊळ ज्या उंचवट्यावर आहे तो नदीच्या फाट्यांनी वेढलेला होता. पाण्यातून वर आलेली पहिली माती म्हणजे सृष्टीची सुरुवात, अशी इजिप्तच्या लोकांची समजूत. दरवर्षी पूर उतरताना ते डोळ्यांनी तेच पाहत होते.

दुसरी गोष्ट पश्चिम काठावरची. सायकलने गेलो. शेत आणि वाळवंट यांच्यात कसलाही मधला पट्टा नाही. एक पाय बरसीमात, एक पाय वाळूत असं खरोखर उभं राहता येतं. पिकाची जमीन इतकी थोडी की मेलेल्या माणसाला तिच्यात जागा देणं परवडणारं नव्हतं. प्रेतं वाळूत जात. तापलेली कोरडी वाळू त्यांतलं पाणी शोषून घेई आणि देह तसाच राही. लक्झरच्या दक्षिणेला गेबेलीन इथे निघालेले असे देह ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, इ.स.पू. ३४००च्या सुमाराचे, केसांसकट. ममी करायची पूर्ण विकसित कला त्यानंतरची. देह टिकतो, टिकायला हवा, ही कल्पना वाळूनेच सुचवली असावी असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं.

बुधवार, नकादा आणि अबायडोस

पहाटे निघून पश्चिम काठाने उत्तरेला. नकादा हे आज साधं गाव, विणकरांचं म्हणून ओळखलं जाणारं. १८९४-९५च्या हंगामात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने इथल्या वाळूत दोन हजारांहून अधिक कबरी उघडल्या. वस्तू इतक्या वेगळ्या की ही कुणी बाहेरून आलेली नवी जमात असावी असं त्याला वाटलं. ते इजिप्तचेच राजांपूर्वीचे लोक, हे नंतर स्पष्ट झालं. मग मडक्यांच्या आकारांत होत गेलेल्या बदलांवरून त्याने कबरींचा आधी-नंतरचा क्रम लावला. इ.स.पू. ४०००पासून राजवंशांपर्यंतच्या त्या काळाला आजही नकादाचंच नाव आहे.

इथेच गाव मोठं का झालं? नदी इथे पूर्वेला मोठं वळण घेते आणि तांबड्या समुद्राच्या सर्वांत जवळ येते. समोरच्या काठावरून वाडी हम्मामात सुरू होते आणि थेट समुद्राकडे जाते. त्या वाटेवर सोनं आहे, बारीक पोताचा राखाडी-हिरवा दगड आहे. नदीने धान्य दिलं, वाळवंटाने सोनं दिलं, आणि दोन्ही जिथे एकत्र हाताला लागतात तिथे श्रीमंत माणसं तयार झाली. मडक्यांवर रंगवलेल्या कितीतरी वल्ह्यांच्या लांब नावा पाहिल्या की कळतं, ही सगळी देवघेव पाण्यावरून चालली होती. प्रवाह उत्तरेला नेतो आणि वारा बहुतेक दिवस उत्तरेकडून वाहतो. जाताना नाव सोडून द्यायची, येताना शीड उभारायचं.

अबायडोसला सगळे सेती राजाचं देऊळ पाहायला जातात. त्यातले रंग खरंच डोळ्यांत साठवावेत असे आहेत. पण देवळाच्या मागे वाळूत चालत गेलं की शुनेत एझ-झेबीब लागतं. दुसऱ्या राजवंशातल्या खासेखेमवी राजाने सुमारे इ.स.पू. २७००ला बांधलेलं आवार. नुसत्या मातीच्या कच्च्या विटा, आणि भिंती अजून अकरा मीटरपर्यंत उभ्या. दादाने विटेतला भुसा दाखवला. नदीचा गाळ, भुसा आणि ऊन, बस्स. लाकूड जवळपास नव्हतंच. बाभूळ, झाऊ, उंबराच्या जातीचं झाड, ताड, यांची फळी लहान आणि वाकडी निघते. चांगलं देवदार लेबनॉनहून समुद्राने आणावं लागे. म्हणून या देशात घर मातीचं, मग ते शेतकऱ्याचं असो की राजाचं.

इथून पश्चिमेला कड्यांमध्ये एक खिंड दिसते. तिच्या तोंडाशी पहिल्या राजांच्या कबरी आहेत, नार्मर, आहा, जेर. त्यांच्याही आधीच्या यू-जे नावाच्या कबरीत १९८८मध्ये हस्तिदंताच्या आणि हाडाच्या लहान चिठ्ठ्या निघाल्या, भोक पाडून मालाला बांधायच्या. त्यांवर चिन्हं आहेत, इजिप्तमधल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी. कुठला माल, किती, कुठून आला : लिपीची सुरुवात कोठाराच्या हिशेबातून झाली असावी. २०२१मध्ये अबायडोसला नार्मरच्या काळातला बिअरचा कारखाना जाहीर झाला, एका वेळी सुमारे २२,४०० लिटर गाळणारा. पोटाला पुरून इतकं धान्य उरत होतं, आणि ते एका जागी गोळा करणारी सत्ता उभी राहिली होती.

गुरुवार, आगगाडीत

लक्झर ते कैरो दिवसभराची गाडी. खिडकीला बसून मी एकच गोष्ट पाहिली : पूर्वेचे चुनखडीचे कडे. मिनियाच्या आसपास ते नदीच्या अंगावर येतात आणि शेतीचा सगळा पसारा पश्चिमेला जातो. असियूटच्या दक्षिणेला पलीकडच्या काठावर बदारी. इ.स.पू. ४४००च्या सुमारास तिथले लोक काळ्या तोंडाची, अंड्याच्या कवचासारखी पातळ मडकी घडवत. कडे आणि पूर यांच्या मधल्या डोंगरसोंडांवर त्यांची वस्ती, धान्याचे खड्डे, आणि मागे कबरी. तीच रेघ. देशाच्या जेमतेम वीसाव्या हिश्श्यात आजही बहुतेक सगळी प्रजा राहते. गाडीत शेजारी बसलेल्या आजोबांनी आम्हाला भाजलेले शेंगदाणे दिले आणि कुठलं पीक चाललंय ते दादाला खुणांनी विचारत राहिले.

शुक्रवार, फयुम

सुट्टीचा दिवस, रस्ते मोकळे. कैरोच्या नैऋत्येला फयुम. वाळवंटातली ही मोठी खोलगट जागा आहे. बहर युसुफ नावाचा नाईलचा फाटा हवाराच्या खिंडीतून तिच्यात पाणी आणतो आणि तळाला कारून सरोवर साचतं, समुद्रसपाटीच्या चाळीसेक मीटर खाली. आज ते खारट झालं आहे आणि मासेमारीला मोठा फटका बसला आहे. पण सात हजार वर्षांपूर्वी मोठा पूर आला की नदी या खळग्यात ओसंडायची. सरोवराची पातळी आजच्यापेक्षा पन्नासेक मीटर उंच होती.

जीपने उत्तर किनाऱ्यामागे कस्र अल-साघापर्यंत गेलो. मुद्दाम पाहायचं ते जमिनीकडे. वाळवंटात, पाण्यापासून कित्येक किलोमीटरवर, जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या आहेत, शिंपले आणि माशांची हाडं पडलेली. १९२०च्या दशकात गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आणि एलिनॉर गार्डनर या दोघींनी इथेच फिरून काम केलं. एक पुरातत्त्वज्ञ, दुसरी भूगर्भशास्त्रज्ञ. दगडी हत्यार कुठल्या उंचीच्या किनाऱ्यावर पडलं आहे यावरून सरोवराचा आणि माणसाचा इतिहास एकत्र लावायचा, ही त्यांची पद्धत. आज हे सर्वमान्य वाटतं, तेव्हा नवं होतं. त्यांचं नाव यायला हवं तितकं येत नाही म्हणून इथे ठळकपणे लिहिते.

त्यांना सापडले धान्याचे पेव. दीडशेहून अधिक, जमिनीत खणलेले, आतून गव्हाच्या काडाच्या विणलेल्या चटयांनी मढवलेले. काहींत गहू आणि जव तसाच होता. एका पेवात लाकडी विळा मिळाला, खाचेत गारगोटीची पाती बसवलेला. हे इजिप्तमधल्या शेतीच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी आहेत, इ.स.पू. ४५००च्या आसपासचे. पेव कुठे? मुक्कामाच्या जागेपासून वेगळे, उंचवट्यावर, जिथे सरोवराची ओल पोचत नाही. दादा म्हणाला, “धान्याला ओल लागली की संपलं. जागा बरोबर निवडली.”

पण घरं नाहीत. चुली शेकड्यांनी, घर एकही नाही. हे लोक पेरत होते, साठवत होते, तरी एका जागी बांधून राहत नव्हते. सरोवर दर वर्षी पुढेमागे सरकायचं, मासे उथळ पाण्यात अडकायचे, माणसं किनाऱ्याबरोबर हलायची. शेती आली की गाव आलं असं पुस्तकात वाचलेलं समीकरण इथे लागू पडत नाही. इथे धान्याला कायमची जागा मिळाली, माणसाला नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला मेरिम्दे इथे मात्र साधारण त्याच काळात मातीची लंबगोल, अर्धी जमिनीत घातलेली घरं दिसतात आणि घराघराला आपली कणगी. तिथे नदी इतकी लहरी नव्हती.

शनिवार, कैरो

सकाळी ताहरीर चौकातलं जुनं संग्रहालय. नार्मरचा फलक ६४ सेंटिमीटर उंच, वाडी हम्मामातच्या दगडाचा. एका बाजूला वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तचा पांढरा मुकुट, दुसऱ्या बाजूला खालच्या म्हणजे उत्तर इजिप्तचा तांबडा. इ.स.पू. ३१००च्या सुमारास दोन्ही एकाच्या ताब्यात आले. शत्रूला वाळवंटात पळून जाता येत नव्हतं, कारण पळून जगायला तिथे आता काही उरलं नव्हतं. नदीवर ताबा असलेल्याच्या हाती सगळ्यांचा रस्ता आणि सगळ्यांचं धान्य होतं. युद्धं झालीच असणार, पण जे एकत्र आले ते आधीच एका अरुंद पट्ट्यात दाटलेले होते.

दुपारी मेम्फिस. मित रहिना गावात खजुरांच्या झाडांमध्ये थोडेसे अवशेष. दरी संपून त्रिभुज प्रदेश सुरू होतो त्या सांध्यावर नव्या राजांनी राजधानी बसवली. इथून वर जाणारी आणि खाली जाणारी प्रत्येक नाव दिसायची. नदी त्यानंतर पूर्वेला सरकली आणि जुनं शहर गाळात आणि भूजलात बुडालं, म्हणून पाहायला कमी आहे. सक्काराच्या कड्यावरून खाली पाहिलं तर हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे नदीची आजची जागा कळते.

त्रिभुजाच्या आतलं चित्र वेगळं आहे. तिथे डोंगर नाहीत. जुन्या वाळूचे उंचवटे पुराच्या गाळातून डोकं वर काढून राहिलेले, त्यांना गेझिरा म्हणतात. तेल एल-फर्खा, बुटो अशी गावं अशा उंचवट्यांवर होती आणि पुराच्या दिवसांत शेजारच्या गावाला जायला नावच लागायची. इथल्या अनेक ठिकाणी जुने थर भूजलाच्या खाली आहेत, पंप लावून खोदावं लागतं. दक्षिणेची प्राचीन वाळूतली गावं आपल्याला भरपूर माहीत आहेत आणि उत्तरेची चिखलातली फार थोडी, हा निसर्गाने पुराव्यात केलेला पक्षपात आहे. कैरोचं उपनगर असलेल्या माआदीत मात्र उंचावर वसलेली इ.स.पू. ३९००-३५००ची वस्ती मिळाली : जमिनीत खोदलेली घरं, तांबं, पॅलेस्टाइनहून आलेली मडकी आणि ओझं वाहणारी पाळीव गाढवं. इथे वाळवंटाची वाट बंद झाली नव्हती, गाढवाने ती चालू ठेवली होती.

कुणाला हा मार्ग करायचा असेल तर तीन गोष्टी. अस्वान-लक्झर अंतर गाडीने कापा आणि एल काबसाठी किमान तीन तास ठेवा. सकाळी वाडी हिलाल, उन्हं चढली की तटबंदी, कारण वाडीत सावली नाही. फयुममध्ये उत्तर किनाऱ्याला जीप आणि वाट माहीत असलेला स्थानिक चालक हवाच, आणि जुन्या किनाऱ्यांवरचा दगड किंवा शिंपला उचलू नका, तो कुठल्या पायरीवर पडला आहे यातच त्याचा अर्थ आहे. आणि जानेवारीत जा. गहू उभा असतो, शेताची कड स्पष्ट दिसते, आणि पूर कुठवर यायचा ते रस्त्यावरूनच समजतं.